नवऱ्याकडे जाण्यापेक्षा जेल पत्करणाऱ्या रखमाबाईंना डॉक्टर करायला पैसा कुणी दिला आणि त्यातून देशाला काय मिळालं?

२२ नोव्हेंबर २०१७ ला तुम्ही गुगल उघडलं असेल, तर तिथे साडी नेसलेली एक बाई दिसली असेल. गळ्यात स्टेथोस्कोप आणि मागे हॉस्पिटलचा वॉर्ड. ते डूडल होतं डॉ. रखमाबाई राऊत यांचं. त्या दिवशी त्यांची १५३ वी जयंती होती.

त्यांचं नाव सर्च केलं की आधी समोर येते ती कोर्टाची केस. लहानपणी लावून दिलेलं लग्न मला मान्य नाही, नवऱ्याच्या घरी जाणार नाही, त्यासाठी जेलमध्ये टाकलं तरी चालेल, असं ठणकावून सांगणारी मुलगी. गोष्ट खरी आहे आणि जबरदस्त आहे. त्यावर अनंत महादेवन यांचा सिनेमाही आलाय.

पण केसचा हा सगळा मामला चार वर्षांत संपला. त्यानंतर रखमाबाई जवळपास ३५ वर्षं डॉक्टर म्हणून राबल्या आणि या ३५ वर्षांबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दरवर्षी बजेट आलं की महिलांच्या आरोग्यावर जास्त पैसा खर्च व्हायला हवा, अशी चर्चा होते. पण खर्च करायचा म्हणजे नेमका कशावर? नवीन बिल्डिंगवर, औषधांवर, की आणखी कशावर? रखमाबाईंचं आयुष्य नीट बघितलं तर याचं उत्तर टप्प्याटप्प्याने सापडतं. म्हणून ही गोष्ट आज त्या बाजूने बघूया.

१५ व्या वर्षी आई, १७ व्या वर्षी विधवा

रखमाबाईंचा जन्म मुंबईचा, १८६४ सालचा. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. जयंतीबाईंचं लग्न झालं तेव्हा त्या १४ वर्षांच्या होत्या. १५ व्या वर्षी रखमा झाली आणि १७ व्या वर्षी नवरा वारला. आज ज्या वयात मुली अकरावी-बारावीचा अभ्यास करतात, त्या वयात ही बाई एका लेकराची आई होती आणि विधवाही.

त्या काळात यात कुणाला फार वेगळं वाटत नव्हतं. मुलीचं लग्न दहा-बारा वर्षांची असतानाच व्हायचं. न्हाण आलं की गर्भाधानाचा विधी करायचा आणि मुलीला नवऱ्याकडे पाठवायचं. पुढचं बाळंतपण घरातल्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हाताखाली. मूल अडलं, रक्तस्राव थांबला नाही किंवा बाळंतज्वर झाला, तर नशिबाला बोल लावायचा. १८६४ साली अख्ख्या भारतात शिकलेली, पदवीधर अशी एकही स्त्री डॉक्टर नव्हती. पुरुष डॉक्टरला तपासू द्यायचं नाही, हा बहुतेक घरांतला नियम होता.

हे कुटुंब सुतार समाजातलं. त्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मुभा होती. त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंचं दुसरं लग्न झालं. नवरा होता डॉ. सखाराम अर्जुन राऊत. हे स्वतः विधुर होते आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे आजची बीएनएचएस, १८८३ साली सुरू झाली तेव्हा तिच्या संस्थापकांत जे मोजके भारतीय होते, त्यात हे एक. दुसरं लग्न करताना जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता रखमाच्या नावावर करून दिली. पुढच्या सगळ्या भानगडीत या मालमत्तेचाही विषय निघणार होता.

एका डॉक्टरने घेतलेला निर्णय

घरात डॉक्टर आला तरी रिवाज लगेच बदलत नाही. १८७६ साली, वयाच्या ११ व्या वर्षी रखमाचं लग्न लावून देण्यात आलं. नवरा दादाजी भिकाजी १९ वर्षांचा होता. ठरलं असं होतं की दादाजी सासरवाडीलाच राहील, शिकेल आणि काहीतरी होऊन दाखवेल. ते काही झालं नाही. त्याने शिक्षण सोडलं आणि तो मामाकडे राहायला गेला.

लग्नाला काही महिने झाले आणि रखमाला न्हाण आलं. रिवाजाप्रमाणे आता गर्भाधान व्हायला हवं होतं. इथे सखाराम अर्जुन आडवे आले. एवढ्या कोवळ्या वयात शरीरसंबंध आणि गर्भारपण आलं तर मुलीच्या शरीराची काय अवस्था होते, हे त्यांना डॉक्टर म्हणून माहीत होतं. त्यांनी परवानगी नाकारली.

या निर्णयाला एक रुपयाही लागला नाही, पण रखमाच्या आरोग्यातली पहिली गुंतवणूक हीच होती. आईला जे १५ व्या वर्षी सोसावं लागलं, ते मुलीला टळलं. तिला वाढायला वेळ मिळाला.

त्या वेळात रखमा शिकली. शाळा अशी फारशी नव्हतीच. मिशनच्या लायब्ररीतून पुस्तकं आणायची आणि घरी वाचायची. प्रार्थना समाजातल्या सुधारक मंडळींचं घरी येणंजाणं होतं. त्यांच्यात बसून, ऐकून तिचं इंग्रजी आणि विचार दोन्ही पक्के होत गेले. आर्य महिला समाजाच्या बैठकांना ती आईसोबत जायला लागली.

नोटीस आली

मार्च १८८४ मध्ये दादाजीच्या वकिलाची नोटीस आली. बायकोला नांदायला पाठवा, अशी मागणी होती. रखमाबाई तेव्हा १९ वर्षांच्या होत्या. त्यांनी नकार दिला आणि केस मुंबई हायकोर्टात गेली.

त्यांच्या बाजूने जी कारणं पुढे करण्यात आली, त्यात आरोग्याचा मुद्दाही होता. दादाजीला बायकोला पोसता येण्यासारखी कमाई नव्हती, तो ज्या मामाच्या घरी राहायचा तिथलं वातावरण चांगलं नव्हतं, आणि त्याची स्वतःची तब्येत खराब होती. या सगळ्याच्या वर मूळ मुद्दा असा होता की ज्या वयात लग्नाला हो किंवा नाही म्हणण्याची अक्कलच नसते, त्या वयात लावलेल्या लग्नाला मी कशी बांधील?

केस सुरू असतानाच १८८५ च्या एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन वारले. रखमाबाईंचा सगळ्यात मोठा आधार गेला.

त्याच वर्षी जून आणि सप्टेंबरमध्ये टाइम्स ऑफ इंडियात दोन पत्रं छापून आली. खाली नाव नव्हतं, फक्त एक हिंदू स्त्री एवढीच ओळख होती. बालविवाहामुळे मुलींचं शिक्षण थांबतं, शरीराची आणि मनाची वाढ खुंटते आणि वैधव्य आलं की उरलेलं आयुष्य संपतं, हे त्यात सडेतोड लिहिलं होतं. पत्रांची मुंबईभर चर्चा झाली. ती पत्रं रखमाबाईंचीच होती, हे नंतर कळलं.

२१ सप्टेंबर १८८५ ला न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. लहानपणी लग्न लागलेल्या, नवऱ्यासोबत कधीच न राहिलेल्या बाईला जबरदस्तीने पाठवता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. यावरून मोठं वादळ उठलं. टिळकांनी केसरीतून या निकालावर टीका केली. धर्माच्या बाबतीत इंग्रजांच्या कोर्टाने ढवळाढवळ करू नये, असं म्हणणारे बरेच होते. दुसरीकडे बेहरामजी मलबारी आणि सुधारक मंडळी रखमाबाईंच्या मागे उभी राहिली. आजच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही बाजूंनी महिनोन्महिने ट्रेंड सुरू होता आणि मधोमध विशीतली एक मुलगी होती.

अपील झालं. केस परत खाली आली. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला. नवऱ्याकडे जायचं, नाहीतर सहा महिने जेल. रखमाबाईंनी कळवलं, जेल चालेल.

यातली गंमत म्हणजे, नांदायला पाठवण्याचा हा कायदा मुळात इंग्लंडमधून आलेला. आणि खुद्द इंग्लंडने असा आदेश न पाळणाऱ्याला जेलमध्ये टाकायची तरतूद १८८४ सालीच रद्द केली होती. मुंबईत मात्र ती अजून जिवंत होती.

सहा दिवसांचं अंतर

या तारखेच्या फक्त सहा दिवस आधी पुण्यात एक घटना घडली होती.

२६ फेब्रुवारी १८८७ ला डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली आपली पहिली मुलगी. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डची जबाबदारी त्यांना मिळालेली होती, पण ती सांभाळण्याआधीच क्षयाने त्यांना नेलं. वय होतं अवघं २१. आनंदीबाईंनी डॉक्टर व्हायचं ठरवलं, त्यामागेही एक दुखणं होतं. वयाच्या १४ व्या वर्षी त्यांना मूल झालं आणि दहा दिवसांत ते दगावलं होतं.

म्हणजे त्या एका आठवड्यात महाराष्ट्राची एक स्त्री डॉक्टर काम सुरू करण्याआधीच गेली, आणि जी पुढे डॉक्टर होणार होती तिला जेलचा आदेश मिळाला.

जुलै १८८८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि आपला हक्क सोडला. नंतर त्याने दुसरं लग्नही केलं. रखमाबाई जेलमध्ये गेल्या नाहीत आणि नांदायलाही गेल्या नाहीत.

हा दुसरा खर्च. आपल्या शरीराचं काय व्हावं हे स्वतः ठरवता यावं, म्हणून एका बाईला चार वर्षं कोर्टकचेरी आणि दोन हजार रुपये मोजावे लागले.

तेव्हा मुंबईत कामा हॉस्पिटल उभं राहत होतं

रखमाबाईंची केस गाजत होती, त्याच वर्षांत मुंबईत आणखी एक गोष्ट सुरू होती.

जॉर्ज किट्रेज नावाचे एक अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी मिळून एक फंड उभा केला. उद्देश साधा होता. बायका पुरुष डॉक्टरकडे येत नाहीत ना, मग इंग्लंडहून स्त्री डॉक्टर आणायच्या, इथल्या मुलींना मेडिकल शिक्षण खुलं करायचं आणि बायका-मुलांसाठी वेगळं हॉस्पिटल बांधायचं. हॉस्पिटलसाठी पेस्तनजी होरमसजी कामा यांनी लाखाहून जास्त रुपये दिले. १८८३ साली पायाभरणी झाली, १८८६ साली हॉस्पिटल सुरू झालं. सीएसएमटी स्टेशनजवळचं कामा हॉस्पिटल ते हेच. याच सुमाराला ग्रँट मेडिकल कॉलेजचे दरवाजे मुलींसाठी उघडले.

हॉस्पिटलची सूत्रं हाती घ्यायला इंग्लंडहून आल्या डॉ. एडिथ पेची. या बाईंची स्वतःची कहाणीही काही कमी नाही. एडिनबरा विद्यापीठात मेडिकलला प्रवेश मिळवणाऱ्या पहिल्या सात मुलींपैकी त्या एक. १८७० साली केमिस्ट्रीच्या परीक्षेत त्यांनी मानाची स्कॉलरशिप मिळवण्याएवढे मार्क काढले, पण त्या मुलगी होत्या म्हणून स्कॉलरशिप त्यांच्यापेक्षा खालच्या नंबरच्या मुलाला दिली गेली. त्याच वर्षी परीक्षेला जाताना मुलींच्या अंगावर चिखल फेकण्यात आला होता.

मुंबईत आल्यावर पेचीबाईंच्या लक्षात आलं की फक्त इमारत बांधून भागणार नाही. बायका दवाखान्यात याव्यात यासाठी त्यांना विश्वास वाटेल अशी डॉक्टर हवी, तिच्या हाताखाली शिकलेल्या नर्स हव्यात आणि त्या डॉक्टरला पुरुष डॉक्टरइतकाच पगार आणि अधिकार हवा. कमी पगारावर राबवून घेतलं तर चांगल्या मुली या कामाला येणारच नाहीत, हे त्यांचं गणित होतं.

रखमाबाईंना डॉक्टर व्हायला पेचीबाईंनीच बळ दिलं, आणि पैसे जमवायलाही मदत केली.

लंडनचा खर्च कुणी उचलला?

रखमाबाईंकडे सांगण्यासारखं शालेय शिक्षण नव्हतं. नवऱ्याचा पाठिंबा असण्याचा प्रश्नच नव्हता. सावत्र वडील वारलेले. म्हणजे इंग्लंडला जाऊन पाच-सहा वर्षं राहायचं, तर सगळा पैसा बाहेरून यायला हवा होता.

तो आला. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपये दिले. इंग्लंडमधल्या इव्हा आणि वॉल्टर मॅकलॅरेन या दाम्पत्याने तिकडची जबाबदारी घेतली. लेडी डफरिन फंडाचीही मदत झाली. हा फंड म्हणजे व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरिन यांनी १८८५ साली सुरू केलेली देशव्यापी संस्था. तिची तीन कामं होती. बायकांना मेडिकल शिक्षण देणं, बायकांसाठी दवाखाने काढणं आणि नर्स व सुईणींना प्रशिक्षण देणं.

१८८९ साली रखमाबाई लंडनला गेल्या. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकल्या, रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम शिकल्या. डॉक्टर म्हणून रजिस्टर व्हायला परीक्षा मात्र स्कॉटलंडच्या रॉयल कॉलेजांची दिली, कारण लंडनची रॉयल कॉलेजं तेव्हा बायकांना परीक्षेलाच बसू देत नव्हती. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या.

त्या तिकडे असताना इकडे भारतात त्यांच्या मूळ प्रश्नावर मोठी घडामोड झाली. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या संबंधामुळे झालेल्या जखमांनी मेली. भारतात काम करणाऱ्या स्त्री डॉक्टरांनी मग व्हाइसरॉयला निवेदन दिलं. त्यात काय होतं? आपल्या दवाखान्यात आलेल्या बालवधूंची यादी. कुणाची हाडं मोडलेली, कुणाला कायमचं अपंगत्व, कुणी मेलेली.

ही माहिती आजवर कुणाकडे नव्हती. पुरुष डॉक्टरांपर्यंत या मुली पोहोचतच नव्हत्या, आणि घरातले बोलत नव्हते. स्त्री डॉक्टर दवाखान्यात बसायला लागली, तेव्हा कुठे या मृत्यूंची मोजदाद सुरू झाली. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि संबंधासाठीचं किमान वय १० वरून १२ झालं. आज हा आकडा वाचूनही अंगावर काटा येतो, पण तेव्हा तेवढ्यासाठीही देशभर आंदोलनं झाली. रखमाबाईंच्या केसने ही चर्चा आधीच पेटवून ठेवली होती.

सुरत आणि राजकोट

१८९५ साली रखमाबाई परत आल्या आणि सुरतच्या महिला हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. वय ३० होतं. पुढची २० वर्षांहून जास्त काळ त्या तिथेच राहिल्या.

हा काळ कसा होता बघा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तिथून पश्चिम भारतभर पसरला. १८९९-१९०० मध्ये गुजरातने मोठा दुष्काळ बघितला, जो तिकडे आजही छप्पनियो म्हणून ओळखला जातो. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. या सगळ्यात दवाखाना चालू ठेवायचा, आणि मुळात बायकांना तिथे यायला तयार करायचं.

कारण दवाखाना आहे म्हणून बायका येतीलच, असं नव्हतं. बाळंतपणासाठी घराबाहेर जायचं म्हणजे अपशकुन वाटायचा. सासूची परवानगी, नवऱ्याची परवानगी, पडदा, जात, विटाळ, असे दहा अडथळे पार करून बाई दारापर्यंत पोहोचायची. तिथे तपासणारी बाई असेल, आपल्या पद्धतीची साडी नेसणारी असेल, तर निम्मी भीती तिथेच कमी व्हायची. आई १५ व्या वर्षी बाळंत झाली म्हणजे काय झालं असेल, हे घरातून माहीत असलेली डॉक्टर समोर बसलेली असायची.

१९१८ साली त्यांना विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये जागा देऊ केली गेली. सरकारी मदतीवर चालणारी ही देशपातळीवरची सेवा होती, मानाची नोकरी होती. रखमाबाईंनी ती नाकारली आणि राजकोट संस्थानच्या जनाना हॉस्पिटलमध्ये काम करायचं ठरवलं. राजकोटला त्यांनी रेड क्रॉस सोसायटीही सुरू केली. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे १९३० च्या सुमारापर्यंत त्या तिथेच होत्या.

आनंदीबाई आणि कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली यांना १८८६ सालीच डॉक्टरकीची पदवी मिळाली होती. आनंदीबाईंना काम करायची संधी मिळाली नाही. कादंबिनींनी प्रॅक्टिस केली. त्यानंतर प्रत्यक्ष प्रॅक्टिस करणाऱ्या भारतीय स्त्री डॉक्टरांच्या अगदी पहिल्या फळीत रखमाबाईंचं नाव येतं.

१९२९ साली, साठी उलटल्यावर त्यांनी पडदा पद्धत बंद व्हायला हवी असं सांगणारा लेख लिहिला. यालाही आरोग्याची बाजू होती. कायम घरात कोंडलेल्या बायकांना ऊन मिळत नाही. त्यातून हाडं मऊ पडतात, कंबरेचा सांगाडा वाकतो आणि बाळंतपण जीवघेणं होतं, हे त्या काळातल्या स्त्री डॉक्टर आपल्या पेशंटमध्ये बघत होत्या. नुसतं औषध देऊन हा आजार संपणार नव्हता.

निवृत्तीनंतर रखमाबाई मुंबईत राहिल्या. २५ सप्टेंबर १९५५ ला, वयाच्या ९० व्या वर्षी त्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. त्यात घटस्फोटाची सोय आली. आणि ज्या मागणीवर त्यांच्याविरुद्ध केस झाली होती, ती नांदायला येण्याचा आदेश मागण्याची सोयही त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये राहिली. ती आजही आहे.

मग आज काय?

पैसा आणि मनुष्यबळ लावलं की फरक पडतो, हे आता आकड्यांतच दिसतं.

२००४-०६ मध्ये भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला. महाराष्ट्रात तो १३० वरून ३३ वर आला. याच काळात जननी सुरक्षा योजना आली, आशा कार्यकर्त्या आल्या, १०८ ची ॲम्ब्युलन्स आली. २००५-०६ मध्ये १०० पैकी ३९ बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, २०१९-२१ मध्ये ८९ व्हायला लागली.

पण जिथे लक्ष दिलं नाही, तिथलं चित्रही त्याच सर्व्हेमध्ये आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयातल्या १०० पैकी ५७ बायकांना रक्तक्षय आहे. आधीच्या पाहणीत हा आकडा ५३ होता, म्हणजे तो वाढलाय. तिशी ते पन्नाशीतल्या १०० पैकी जेमतेम २ बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी कधी तपासणी झालीये. आणि महाराष्ट्रात २० ते २४ वयातल्या साधारण दर पाच मुलींपैकी एकीचं लग्न १८ च्या आधी झालेलं आहे.

याचा सरळ अर्थ असा की बाई आई होणार असते तेव्हा यंत्रणा तिच्याकडे बघते. त्याच्या आधी आणि नंतर तिचं रक्त कमी असो, पाळी त्रासदायक असो, छातीत गाठ असो, ती अंगावर काढत राहते. घरातही तिचा नंबर शेवटी आणि बजेटमध्येही.

जागतिक पातळीवरही हेच आहे. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम आणि मॅकिन्सी हेल्थ इन्स्टिट्यूट यांच्या जानेवारी २०२४ च्या अहवालात म्हटलंय की बायका पुरुषांच्या तुलनेत आयुष्यातला २५ टक्के जास्त काळ आजारपणात काढतात. ही दरी भरून काढली तर २०४० पर्यंत जगाच्या अर्थव्यवस्थेत दरवर्षी एक ट्रिलियन डॉलरची भर पडू शकते, असा त्यांचा अंदाज आहे.

एवढे मोठे आकडे डोक्यावरून जातात. त्यापेक्षा रखमाबाईंचा हिशोब सोपा आहे.

एका वडिलांनी मुलीला वाढायला वेळ दिला. तडजोडीचे दोन हजार रुपये गेले आणि तिला आपल्या शरीरावर हक्क मिळाला. होळकरांचे ५००, मॅकलॅरेन दाम्पत्याचा आधार आणि एका फंडाची मदत, यातून ती शिकली. सुरत आणि राजकोटला तिला स्वतःच्या अधिकारात चालवायला हॉस्पिटल मिळालं. यातला एक जरी टप्पा गळला असता, तरी बाकीचा पैसा वाया गेला असता. बिल्डिंग असती आणि डॉक्टर नसती. किंवा डॉक्टर होऊ शकणारी मुलगी १५ व्या वर्षी बाळंतपणात गेली असती आणि कुणाला कळलंही नसतं.

जयंतीबाई बाळंत झाल्या तेव्हा त्यांना तपासायला देशात एकही पदवीधर स्त्री डॉक्टर नव्हती. त्या बाळंतपणात जन्मलेली मुलगी ३१ वर्षांनी सुरतेच्या दवाखान्यात डॉक्टरच्या खुर्चीवर बसली आणि मग ३५ वर्षं दुसऱ्यांच्या लेकी-सुनांना तपासत राहिली.